हळदीकुंकवातली सुई

तळवड्यात गुरुवारी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कंपन्यांना सुट्टी, आणि सकाळपासून लाईट गायब. त्या दिवसासाठी शालनबाईंचा एक नियम होता, आणि घरात फ्रीज आल्यापासून तो त्यांनी कधी मोडला नव्हता. गुरुवार उजाडला की दुधाचा डबा उचलायचा आणि वर बर्फाच्या खान्यात ठेवायचा. खाली ठेवला तर दुपारपर्यंत दूध नासतं, बर्फाच्या शेजारी टिकतं. साधं शहाणपण. पण ह्याच शहाणपणानं एका गुरुवारी त्यांच्या सुनेचा घात व्हायची वेळ आली.

सुनेचं नाव प्राजक्ता. नाव फुलाचं आहे म्हणून कुणी तिला नाजूक समजू नये. चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते, सगळी शिफ्ट पायांवर उभी राहून. माहेर मावळातलं, आणि जीभ तर त्याहून मावळातली. सुपरवायझर एकदा म्हणाला, "लाईनवर बायकांची तोंडं फार चालतात." ही मान वर न करता म्हणाली, "साहेब, पगार हातांचा देता ना? मग तोंडाचा हिशोब कशाला मागता?" तेव्हापासून तो बाबा तिच्या बाजूला येताना आधी घसा खाकरतो.

अशी ही बाई घरात मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मूल नव्हतं. नवरा रणजीत स्वतःचा टेम्पो चालवतो, माणूस सोन्यासारखा, पण बोलणं दिवसाला चार शब्द. सासरे भिमाजी गावचे जुने शेतकरी. शेतं कंपन्यांखाली गेली तेव्हा त्यांनी मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांत लातूर, बीड, परभणीकडची बिऱ्हाडं आली. दरवर्षी त्यांतल्या एखाद्या खोलीत पाळणा हलायचा आणि मालकांच्या घरात मात्र शांतता. मग गाव काय गप्प बसतंय? दोष कुणाचा ते गावानं डॉक्टरच्या आधी ठरवून टाकलं होतं. रणजीतच्या तपासणीतही सगळं काही आलबेल नव्हतं, पण त्याला कोण विचारणार!

चिंचवडच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले तेव्हा शालनबाईंनी सुनेला एकच गोष्ट बजावली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, प्राजक्ते. कुणाला कळता कामा न्हाई." गावात त्यांनी सांगून ठेवलं की सुनेच्या दाढेला कीड लागलीय, म्हणून चिंचवडला जावं लागतं. आणि दवाखान्यात शिरताना तोंडाला स्कार्फ बांधायचा, तो बाहेर पडेपर्यंत सोडायचा नाही.

तिथं गेल्यावर प्राजक्ताला हसू आलं. बाकड्यांवर ओळीनं बसलेल्या सगळ्याच बाया स्कार्फात! नुसते डोळे दिसत होते. मूल हवं म्हणून आल्या होत्या बिचाऱ्या, पण बसल्या होत्या दरोडा टाकून आल्यासारख्या. त्यांतली एक हिरव्या स्कार्फवाली बऱ्याचदा प्राजक्ताच्या शेजारीच असायची. एकदा रक्त काढल्यावर प्राजक्ताला घेरी आली, तेव्हा त्या बाईनं पर्समधून चिक्कीचा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बोलली एक शब्द नाही. प्राजक्तानंही विचारलं नाही, तू कुठली म्हणून. तिथं कुणी कुणाला विचारत नसे.

पहिल्या खेपेला अंडी निघाली, पण एकही फलित झालं नाही. दुसऱ्या खेपेला झालं, पण पोटात रुजलं नाही. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "प्राजक्ता, तुमच्या अंड्यांचा साठा कमी होत चाललाय. तुमच्या स्वतःच्या अंड्यांवर मी आता एकदाच प्रयत्न करीन. त्यानंतर मी तुम्हाला आशा लावणार नाही."

"लावू नका," प्राजक्ता म्हणाली. "ती माझी मी लावून घेते. तुम्ही मला नीट समजावून सांगा, आत चाललंय काय?"

मग डॉक्टरबाईंनी पाठकोऱ्या कागदावर गोळे काढले. हे फॉलिकल, पाण्यानं भरलेली बारीक पिशवी. हिच्या भिंतीतल्या पेशी हार्मोन तयार करतात, ते आतल्या पाण्यात उतरतं, आणि त्या पाण्यात अंडं हळूहळू मोठं होतं. रोजची इंजेक्शनं ह्या पिशव्या वाढवण्यासाठी. पण पिशवी वाढली म्हणजे अंडं पिकलं असं नाही. शेवटी एक वेगळं इंजेक्शन असतं, तेही हार्मोनचंच. ते अंड्याला सांगतं, आता पूर्ण हो, भिंत सोड. ते ठरल्या वेळी घेतलं तरच सुईनं पाणी ओढताना अंडं हाताला लागतं. नाहीतर अंडं भिंतीला चिकटून बसतं आणि नळीत येतं नुसतं पाणी. फार उशीर केला तर पिशव्या आपल्या आपण फुटतात आणि सगळंच जातं.

घरी येऊन तिनं हे सासूला सांगितलं. शालनबाई तेव्हा तिळगुळाचा पाक करत होत्या. त्यांनी कढईतून मान वर केली नाही, पण समजलं सगळं. "पाकागत हाय म्हण की. आधी उतरला तर लाडू वळत न्हाई, उशीर झाला तर दगूड. वेळ साधली पायजे."

"तेच तर!" प्राजक्ता म्हणाली.

ह्या खेपेला तीन पिशव्या वाढल्या. तीनच. डॉक्टरबाईंनी शेवटच्या इंजेक्शनची वेळ दिली गुरुवारी रात्री साडेआठची, आणि शनिवारी सकाळी अंडी काढायची. आता गंमत बघा, त्याच गुरुवारी शालनबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलेलं. बायांना सुट्टी म्हणून गुरुवार. शिवाय मागच्या खोलीतल्या स्वरूपाच्या एका वर्षाच्या पोराचं बोरन्हाणही मालकिणीच्याच घरात करायचं होतं. पुढं ढकलावं तर गाव विचारणार, का? शालनबाई म्हणाल्या, "होऊ दे. बाया बाहेर, तू आतल्या खोलीत. सुई टोचायला कितीसा वेळ लागतोय?"

इंजेक्शन फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात होतं. पण हळदीकुंकवाला आलेली बाई पाण्याच्या बाटलीसाठी फ्रीज उघडणारच, आणि तिच्या नजरेस पडणारच. म्हणून शालनबाईंनी सकाळी ते उचलून मसाल्याच्या रिकाम्या डब्यात घातलं. तेवढ्यात लाईट गेली. हात सवयीनं दुधाकडे गेला. आणि मग त्यांच्या मनात आलं, दुधाला एवढं जपतो, मग सुनेच्या औषधाला नको का जपायला? दूध वर गेलं, आणि त्याच्या शेजारी मसाल्याचा डबाही वर गेला. माउलीनं मायेनंच ठेवला हो! दुपारनंतर लाईट आली, फ्रीज घुरघुरायला लागला, दूध खाली आलं. पाहुण्यांच्या धांदलीत डबा वरच राहिला.

संध्याकाळी घर बायांनी भरलं. स्वरूपाच्या पोराला काळं झबलं, गळ्यात हलव्याचे दागिने. पाटावर बसवलं तर ते हलवाच चाटत होतं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, सगळं ताटात तयार. प्राजक्तानं ओंजळ भरली तोच समोरून एक हात आडवा आला. नानासाहेबांच्या सुभद्राबाई. नानासाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, आणि सुभद्राबाई म्हणजे त्याहून मोठं.

"तू ऱ्हाऊ दे गं. लेकुरवाळीनं आधी घालावं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! घर कुणाचं, ताट कुणाचं, आणि थांबवतंय कोण! प्राजक्तानं ओंजळ खाली केली नाही. "काकू, बोरं झाडाची हाईत. कुणाच्या हातनं पडली ते पोराच्या टाळूला कळत न्हाई."

स्वरूपा लातूरकडची, मालकिणीच्या घरात कधी मोठ्यानं न बोलणारी. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच घाला आधी. माझ्या लेकराला ताप आलता तवा दवाखान्यात घेऊन कोण पळालं, मला म्हाईत हाय."

प्राजक्तानं ओंजळ रिकामी केली. पोर खिदळलं. सुभद्राबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागल्या. "आमच्या नेहाला कायबी घाई न्हाई. मोठ्या कंपनीत मोठी पोस्ट हाय. म्हणती, आई, आधी करिअर." त्यांची सून नेहा शेजारीच बसली होती. तिनं हातातल्या तिळगुळाचा एकेक तीळ वेगळा करायला घेतला.

साडेआठ होत आले तशी प्राजक्ता आत गेली. दाराचा कप्पा रिकामा! "आत्याबाई, सुई कुठंय?" शालनबाईंनी हसत बर्फाचा खाना उघडला, मसाल्याचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. "जपून ठिवलीया. दुधापेक्षा."

डब्यावर पांढरं धरलं होतं. आतलं इंजेक्शन दगडासारखं, औषधाचा पार खडा झालेला.

प्राजक्तानं दवाखान्याच्या नर्सला फोन लावला. नर्स म्हणाली, "गोठलेलं अजिबात घेऊ नका, त्यात दम राहत नाही. दुसरं आणा. फार तर अर्धा तास मागेपुढे चालेल, त्यावर नाही. शनिवारी सकाळी ऑपरेशनची तेवढीच जागा आहे." दवाखान्याच्या मेडिकलला कुलूप लागलं होतं. गावातल्या मेडिकलवाल्यानं फोनवरच हात वर केले, हे मागवावं लागतं म्हणाला. पिंपरीत एका दुकानात होतं. रणजीतनं ऐकलं आणि हेल्मेट घालून गाडीला किक मारली. पण पिंपरीला जाऊन यायचं म्हणजे अर्ध्या तासात होणारं काम नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं.

शालनबाई डब्याकडे बघत म्हणाल्या, "मीच मारलं गं. माझ्या हातानं मारलं."

प्राजक्ताला रडू आलं, आणि त्याच्या दुप्पट राग आला. सासूचा नाही. त्या मसाल्याच्या डब्याचा. औषधाला तोंड लपवून मसाल्याच्या डब्यात बसायला लागलं, म्हणून ही वेळ आली! उघडं दारात ठेवलं असतं तर काय झालं असतं? चार बायांनी बघितलं असतं. बघितलं तर बघितलं!

तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि बाहेरच्या खोलीकडे निघाली. शालनबाईंनी तिचा हात धरला. "अगं, काय करतीस? दाढ दुखतीया म्हणून सांगते मी."

"दोन वर्षं माझी दाढ किडलीया गावभर, आत्याबाई. आता बास."

खोलीच्या मधोमध, बोरं पसरली होती तिथंच ती उभी राहिली. हातात गोठलेलं इंजेक्शन.

"बायांनो, जरा ऐका. मला मूल होत न्हाई, ते तुम्हाला ठाऊकच हाय. मी त्याचा उपचार घेतीया, ते ठाऊक न्हाई. माझ्या पोटात तीन पिशव्या वाढल्यात. त्यांतली अंडी पिकवायची ही सुई आता अर्ध्या तासात टोचली तर ती निघतील, न्हाईतर गेली. आणि ह्यापुढं डॉक्टर माझी अंडी घेणार न्हाईत. ही सुई गोठली. कुणाच्या घरात, कुणाच्या बहिणीच्या, भावजयीच्या घरात अशी सुई असंल तर आत्ता बोला. उद्या बोलून उपेग न्हाई."

मग सुभद्राबाई म्हणाल्या, "शिव शिव! बायामाणसांत काय हे बोलणं!"

"बायामाणसांतच बोलतीया, काकू. अंडं बाईच्या पोटात असतं. मग काय पारावर जाऊन बोलू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकीच्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी मान हलवली, कुणी 'अरेरे' केलं. अरेरे ऐकायला नव्हती ती उभी. तिनं पुन्हा विचारलं, "हाय का कुणाकडं?"

नेहा उठली. तिच्या मांडीवरचे तीळ खाली सांडले.

"माझ्याकडे आहे."

"खाली बस," सुभद्राबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी सांभाळायला दिलं आसंल ते."

"माझं आहे, आई. तुम्हीच ते देवघराशेजारच्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवायला लावलंत, कुणाला दिसू नये म्हणून." नेहा थांबली नाही. "मला शनिवारी घ्यायचंय. शनिवारपर्यंत दुसरं मिळेल. प्राजक्ताताई, आलेच मी."

आणि ती मोठ्या घरची सून अनवाणी पळत गल्ली ओलांडून गेली. परत आली तेव्हा हातात जांभळी पिशवी होती, त्याच दवाखान्याची. प्राजक्तानं नर्सला व्हिडिओ कॉल लावला. नर्सनं नाव वाचायला लावलं, प्रमाण वाचायला लावलं, तारीख बघितली. "सेम आहे. घ्या, ताई, लवकर घ्या."

पिशवीच्या तळाशी चिक्कीची पुडी होती. प्राजक्तानं नेहाकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं दवाखान्यातल्या त्या डोळ्यांना हा चेहरा जोडला.

"हिरवा स्कार्फ?"

"तुमचा निळा," नेहा म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. अहो, गल्लीच्या ह्या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरी, आणि दोघी चिंचवडला जाऊन शेजारी शेजारी मुक्या बसत होत्या! ह्याला काय म्हणावं!

शालनबाई म्हणाल्या, "चल, आत चल."

"न्हाई. हितंच." ती पाटावर बसली, मघाशी पोर बसलं होतं त्याच पाटावर. पदर बाजूला केला, बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरली. स्वरूपानं पोराला कडेवर घेऊन मोबाइलचा उजेड धरला. बाया भोवतीनं उभ्या राहिल्या, कडं करून. प्राजक्तानं स्वतःच्या हातानं सुई टोचली आणि औषध शेवटपर्यंत आत सारलं. शालनबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढं आल्या आणि त्यांनी आधी सुनेला कुंकू लावलं, मग नेहाला.

सुभद्राबाई वाण न घेताच निघून गेल्या. त्यांचं वाण नेहानं घेतलं, स्वतःचंही घेतलं, आणि चांगली उशिरापर्यंत बसली.

बऱ्याच वेळानं रणजीत हेल्मेटसकट बायांच्या घोळक्यात घुसला. "मिळालं!" पिशवी वर धरून तो ओरडला. बाया एका सुरात म्हणाल्या, "झालंसुद्धा!" गडी लाजून लालबुंद. त्यानं आणलेलं इंजेक्शन नेहाच्या हातात गेलं, आणि फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवायचं, वर नाही, हे शालनबाईंनी तिला तीनदा सांगितलं.

शनिवारी सकाळी तीन पिशव्यांमधून दोन अंडी निघाली. तिसरीत नुसतं पाणी. त्याच संध्याकाळी, अंगात कळ असतानाही, प्राजक्ता नानासाहेबांच्या घरी गेली आणि दिवाणखान्यात नेहाच्या शेजारी बसली. नेहानं सुई तिथंच घेतली. सुभद्राबाई आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करून बसल्या होत्या. बसू देत.

खरा घोर होता रविवारचा. अंडी आणि रणजीतचं बीज रात्रभर प्रयोगशाळेत एकत्र होतं. पहिल्या खेपेला ह्याच फोननं 'एकही नाही' म्हणून सांगितलं होतं. भिमाजी ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. फोन वाजला तसा प्राजक्तानं तो स्पीकरवर टाकला.

"प्राजक्ताताई, दोन अंड्यांपैकी एक फलित झालंय. छान दिसतंय. पुढचं बघू, पण आज हे झालंय."

रणजीत भिंतीला टेकला आणि त्यानं डोळ्यांवर हात घेतला. प्राजक्तानं फोन ठेवला. तिला वाटलं होतं आपण रडू, पण चेहरा आपोआप हसत होता.

शालनबाई हळूच म्हणाल्या, "एकच?"

"आत्याबाई, तुम्हाला सुना किती?"

"एक."

"पुरती ना सगळ्या गावाला?"

शालनबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांना असं हसू आलं की पदरानं डोळे पुसावे लागले. त्या तशाच उठल्या, तरातरा ओट्यावर गेल्या आणि मागच्या खोल्यांपासून नानासाहेबांच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी हाळी दिली, "अगं स्वरूपा! नेहा! फळलं गं! माझ्या प्राजक्तीचं एक फळलं!"

भिमाजी दचकले. "अगं हळू! लोक ऐकतील."

"ऐकू द्या की," शालनबाई म्हणाल्या. "त्यासाठीच वरडतीया."